एकच म्युटेशन, दोन कर्करोग: बीराफ रोधकाला आतड्याच्या पेशी दाद का देत नाहीत, याचा गणिती हिशेब

प्रश्न कुठून आला

बीराफ हे प्रथिन पेशीतल्या वाढीच्या संकेतसाखळीतला एक दुवा आहे. त्याच्या ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल बसलं की ते वरून आदेश आला नाही तरी चालू राहतं. हेच व्ही६००ई म्युटेशन. मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, साधारण निम्म्या रुग्णांमध्ये ते सापडतं, आणि पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ८ ते १० टक्क्यांमध्ये. या बदललेल्या बीराफला अडवणारं व्हेम्युराफेनिब ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी मंजूर झालं. त्याच्या मोठ्या चाचणीत ४८ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. डाकार्बाझिन या जुन्या केमोथेरपीवर हेच प्रमाण ५ टक्के होतं.

तेच औषध त्याच म्युटेशनच्या आतड्याच्या कर्करोगात २१ रुग्णांना दिलं गेलं, तेव्हा फक्त एकाच्या गाठीने अंशतः प्रतिसाद दिला. लक्ष्य तेच, औषध तेच, प्रथिनाला चिकटण्याची पद्धतही तीच. म्हणजे फरक लक्ष्यात नव्हता, तर ते ज्या जाळ्यात बसलं आहे त्या जाळ्यात होता. २०१२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने स्वतंत्रपणे एकच दुवा दाखवला: बीराफ अडवला की आतड्याच्या पेशींमध्ये ईजीएफआर हा पेशीपटलावरचा ग्राही जोमाने कामाला लागतो. मेलानोमाच्या पेशींमध्ये हा ग्राही बहुधा फारच कमी असतो.

इथवरची गोष्ट बाणांच्या चित्रात सांगता येते. पण चित्राला पुढचे प्रश्न विचारले की ते गप्प बसतं. ईजीएफआर किती वाढला की औषध वाया जातं? डोस वाढवून भागेल का? औषध देण्याआधी पेशी मोजल्या तर हे आधीच कळलं असतं का? या तिन्हींची उत्तरं बाणाच्या असण्यात नाहीत, त्याच्या जोरात आहेत. शिवाय हा जोर औषधाच्या उपस्थितीत बदलतो, आणि या प्रकरणातली खरी मेख तीच आहे.

जाळं, कामापुरतं

ईजीएफआर सक्रिय झाला की दोन वाटा फुटतात. एक रास, राफ, मेक आणि ईआरके या प्रथिनांमधून जाते (बीराफ आणि सीराफ हे राफचेच प्रकार). दुसरी पीआय३के आणि एकेटी अशी. पहिली वाट प्रामुख्याने पेशीविभाजनाची, दुसरी तगून राहण्याची. ईआरके सक्रिय झाला की तो उलट दिशेने वरच्यांना दाबतो: ईजीएफआरच्या थ्रिओनिन ६६९ या जागेवर फॉस्फेट बसवतो, सॉस आणि सीराफ यांनाही तसाच आवर घालतो. हे सगळं काही मिनिटांत होतं. त्याखेरीज तो डीयूएसपी६ आणि स्प्राउटी यांसारखी आवर घालणारी प्रथिनं जनुकांकडून बनवून घेतो. त्याला तास लागतात. बर्नार्ड्स गटाने सीडीसी२५सी या फॉस्फेटेझमार्फत जाणारा आणखी एक रस्ता दाखवला.

व्ही६००ई बीराफ रासशिवाय, एकेकटा काम करतो. त्यामुळे ईआरके कायम चढलेला आणि ईआरकेमुळे ईजीएफआर कायम दबलेला, अशी या पेशींची रोजची अवस्था असते. व्हेम्युराफेनिब या एकट्या बीराफला उत्तम अडवतं. रासच्या हुकमाने जोडीने काम करणाऱ्या राफवर मात्र त्याचा जोर चालत नाही, कारण जोडीतल्या एका भिडूला औषध चिकटलं की दुसऱ्याची औषधाबद्दलची ओढ कमी होते.

मॉडेल लिहायला बसल्यावर पहिला मोह होतो तो यातलं प्रत्येक प्रथिन आणि त्याची प्रत्येक अवस्था मांडायचा. तो टाळावा. ईजीएफआरवर फॉस्फेट बसण्याच्या नऊच जागा धरल्या तरी एका रेणूच्या ५१२ अवस्था होतात, मग जोड्या आणि चिकटणारी प्रथिनं वेगळीच. नियमांवर चालणारी बायोनेटजेनसारखी साधनं हे पेलतात, पण त्यात टाकायचे शेकडो दर कुणी मोजलेले नसतात. आपला प्रश्न तीन खोक्यांत मावतो: ग्राही (र), ईआरके (इ) आणि एकेटी (ए).

मोजणी: इथेच निम्मं प्रकरण बिघडतं

तीन खोक्यांसाठी किमान तीन वेगवेगळे धक्के लागतात (धक्का म्हणजे औषधाने एक दुवा मुद्दाम दाबणं), आणि प्रत्येक धक्का एकाच खोक्याला थेट लागला पाहिजे: ईजीएफआर रोधक, मेक रोधक, पीआय३के रोधक. शिवाय फक्त द्रावक, म्हणजे औषधाविना नुसतं ते विरघळवायचं द्रव, दिलेला नमुना, प्रत्येकी किमान तीन स्वतंत्र वेळा. एकाच प्लेटमधले तीन खड्डे म्हणजे तीन स्वतंत्र वेळा नव्हेत.

डोस अर्ध्यावर आणणारा निवडावा. पूर्ण रोखणारा डोस दिला की सिग्नल पार्श्वभूमीला टेकतो, आणि शून्याजवळच्या आकड्याचा लॉग घेतला की सगळा गोंगाटच हाती येतो. वेळ ६० ते ९० मिनिटांची बरी: फॉस्फेटच्या पातळ्या स्थिरावलेल्या असतात, नवी प्रथिनं फारशी बनलेली नसतात. चोवीस तासांनी मोजलं तर जनुकांमार्फतचा आवरही त्याच आकड्यात मिसळतो, आणि दोन्ही वेगळे करायला मार्ग उरत नाही.

पार्श्वभूमी वजा न करणं ही सर्वात स्वस्तात होणारी आणि सर्वात महागात पडणारी चूक. मण्यांवर आधारित मोजणीत सिग्नल ६०० आणि पार्श्वभूमी ३०० असेल, आणि औषधाने सिग्नल ४५० झाला, तर कच्चा भागाकार ०.७५ येतो. खरा बदल १५० भागिले ३००, म्हणजे ०.५. अशाने सगळे बाण कमकुवत दिसतात, आणि सगळे सारख्या प्रमाणात नाही. ज्याचा सिग्नल मुळात कमी, त्याचा बाण जास्त मार खातो.

आणखी एक खाच आहे. सेल्युमेटिनिबसारखा मेक रोधक दिला की मेकवरचं फॉस्फेट वाढतं, कारण खालचा आवर सुटून वरचा राफ जोरात चालतो. औषध मेकची खाली काम करण्याची क्षमता अडवतं, त्याच्यावर बसलेलं फॉस्फेट नाही. म्हणून फॉस्फो-मेक, म्हणजे फॉस्फेट बसलेला मेक, हा खोक्याचा माप धरला आणि रोधक त्या खोक्याला खाली ढकलतो असं लिहिलं, तर चिन्ह उलटं पडतं. माप फॉस्फो-ईआरकेचा धरावा, किंवा रोधक मेकमधून निघणाऱ्या बाणावर लावावा. एकेटीच्या काही रोधकांतही हेच घडतं: एटीपीच्या जागी बसणारे रोधक एकेटीवरचं फॉस्फेट वाढवतात, तर एमके-२२०६ सारखे दुसरीकडे बसणारे ते घटवतात. पीआय३केसाठी जुनं एलवाय२९४००२ वापरू नये. ते एमटॉरलाही लागतं, आणि एक धक्का एका खोक्याला ही अट तिथेच मोडते.

बाणांचा जोर काढणं

२००२ मध्ये बोरिस खोलोडेन्को आणि सहकाऱ्यांनी यासाठी मॉड्युलर रिस्पॉन्स अॅनालिसिस ही पद्धत मांडली. कल्पना अशी: धक्का दिल्यावर दिसतो तो सगळ्या जाळ्यातून फिरून आलेला, म्हणजे जागतिक बदल. आपल्याला हवा तो स्थानिक जोर: बाकी सगळं जागेवर धरलं असतं तर एका खोक्यातल्या एक टक्का बदलाने शेजारच्या खोक्यात किती टक्के बदल झाला असता. पुरेसे स्वतंत्र धक्के असतील तर पहिल्यातून दुसरा साध्या रेषीय समीकरणांनी निघतो.

खालचे आकडे कुठल्याही प्रयोगाचे नाहीत. हिशेब हाताने करून बघता यावा म्हणून घेतले आहेत. द्रावकाच्या तुलनेत पट:

| धक्का | र | इ | ए |
|---|---|---|---|
| मेक रोधक | १.७४ | ०.५० | १.४० |
| ईजीएफआर रोधक | ०.५० | ०.८७ | ०.६६ |
| पीआय३के रोधक | १.०० | १.०० | ०.५० |

पहिली ओळ पाहून कुणीही म्हणेल की ईआरके एकेटीला दाबतो: इ अर्धा झाला, ए १.४ पट झाला. बाण काढून मोकळं व्हावं. आता नैसर्गिक लॉग घेऊ. मेक रोधकाने र +०.५५४, इ −०.६९३, ए +०.३३६. ईजीएफआर रोधकाने र −०.६९३, इ −०.१३९, ए −०.४१६. हे दोन्ही धक्के एकेटीच्या खोक्याला थेट लागत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी दोन समीकरणं मिळतात. र कडून ए कडे येणारा जोर अ आणि इ कडून येणारा ब मानला, तर:

०.३३६ = ०.५५४ अ − ०.६९३ ब
−०.४१६ = −०.६९३ अ − ०.१३९ ब

सोडवलं की अ = ०.६० आणि ब जवळपास शून्य. म्हणजे ईआरकेपासून एकेटीकडे थेट बाण नाहीच. मेक रोधकाने एकेटी चढला तो सगळा ईजीएफआरमार्फत. बाकीच्या ओळींतून याच रीतीने ईआरकेकडून ईजीएफआरवर −०.८, आणि ईजीएफआरकडून ईआरकेवर फक्त ०.२ असे जोर निघतात. हा शेवटचा ०.२ व्ही६००ई पेशींचा नेमका ठसा आहे. ईआरकेला वरच्या ग्राहीची फारशी गरजच नाही.

आता मोजणीची चूक किती महाग पडते ते पाहा. मेक रोधकाच्या ओळीतला एकेटीचा १.४० हा आकडा २० टक्क्यांनी चुकून १.६८ आला, तर अ ०.६५ होतो, म्हणजे जवळपास तोच राहतो. पण ब शून्यावरून −०.२३ वर जातो. प्रयोगशाळेत २० टक्के चूक ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि तिने एक अस्तित्वात नसलेला बाण जन्माला घातला. म्हणून प्रत्यक्षात समीकरणं अशी जशीच्या तशी सोडवत नाहीत. धक्के आणि त्यांच्या जोड्या गरजेपेक्षा जास्त देतात, मोजणीची चूक लॉगच्या मापात धरतात, साहित्यातून माहीत असलेल्या बाणांनी सुरुवात करतात, आणि नवा बाण तेव्हाच घालतात जेव्हा त्याने काय-वर्गाची बेरीज (मॉडेल आणि मोजणी यांतल्या तफावतीचं माप) ३.८४ पेक्षा जास्त घटते. ही एका जादा चलासाठी ९५ टक्क्यांची मर्यादा. दहा बाण चाचपून पाहिले तर ही मर्यादा कडक करावी लागते. हे बरेचदा विसरलं जातं आणि आकृत्यांमध्ये हौशी बाण उगवतात.

बर्लिनमध्ये निल्स ब्ल्यूथगेन यांच्या गटाने २०१३ मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या अनेक पेशी-वाणांवर याच धर्तीचं काम प्रसिद्ध केलं. मेक अडवल्यावर एकेटी वाढण्यामागे ईआरकेकडून ईजीएफआरवर येणारा आवर सुटणं हे कारण असल्याचं त्यात दिसलं, आणि मेकसोबत ईजीएफआर अडवण्याची जोडी त्यातून सुचली.

स्थानिक जोर पुरत नाही तिथे

वरच्या आकड्यांवर विसंबून बीराफ रोधकाचा अंदाज केला तर मोठी फसगत होते. ईजीएफआर ते ईआरके जोर ०.२ आहे, म्हणजे ग्राही दुप्पट झाला तरी ईआरके १५ टक्केच वाढेल. मग ग्राही जागा झाल्याने औषध वाया का जावं? कारण ०.२ हा औषधाविना मोजलेला जोर आहे. औषध एका वाटेला अडवतं, तेव्हा दुसऱ्या वाटेचा वाटा आपोआप वाढतो. हे दाखवायला स्थानिक जोरांची सारणी अपुरी पडते. इथे अरेषीय समीकरण हवं, पण लहानच.

ईआरकेला दोन स्रोत: एकटा बीराफ आणि ग्राहीमार्फत चालणारी राफची जोडी. औषध फक्त पहिल्याला लागतं.

इ = व (१ − न) + द × र

ग्राहीवर ईआरकेचा आवर:

र = ग ÷ [१ + (इ/क)^२]

व म्हणजे एकट्या बीराफचा जोर, न म्हणजे औषधाने रोखलेला भाग, द म्हणजे जोडीचा जोर, ग म्हणजे पेशीतला ईजीएफआरचा साठा, क म्हणजे ज्या पातळीला ईआरके ग्राहीला अर्धं दाबतो ती पातळी. व = १, द = ०.५, क = ०.२५ धरू. एकक काहीही चालतं, गुणोत्तरं महत्त्वाची. आतड्याच्या पेशीसाठी ग = १, मेलानोमासाठी ग = ०.१. दोघांत एवढाच फरक.

औषधाविना आतड्याची पेशी इ = १.०२८ वर बसते, र = ०.०५६. मेलानोमा १.००३ वर. म्हणजे ईआरके मोजून दोन्ही पेशी वेगळ्या ओळखता येत नाहीत. ग्राहीचा साठा दहापट वेगळा असूनही तो दबलेला असल्याने बाहेर काही दिसत नाही.

आता ९५ टक्के रोखणारं औषध द्या, म्हणजे न = ०.९५. ग्राही अजून हललेला नाही अशा पहिल्या काही मिनिटांत आतड्याच्या पेशीतला ईआरके ०.०७८ वर, म्हणजे मूळच्या ७.६ टक्क्यांवर कोसळतो. औषध छान लागलं असंच वाटेल. मग आवर सुटतो, र चढत जाऊन ०.४५ होतो, म्हणजे आठपट, आणि ईआरके ०.२७६ वर, मूळच्या २७ टक्क्यांवर येऊन थांबतो. मेलानोमा ०.०९४ वर, म्हणजे ९ टक्क्यांवरच राहतो. बोस्टनच्या गटाने पेशींमध्ये नेमका हाच आकार पाहिला होता: आतड्याच्या पेशींत फॉस्फो-ईआरके आधी पडतो आणि २४ तासांच्या आत पुन्हा वर येतो, मेलानोमात पडलेलाच राहतो.

डोस वाढवून? न = १ करा, बीराफ पूर्ण बंद. ईआरके बरोबर ०.२५ वर येतो, म्हणजे २४ टक्के. पाच टक्के जादा रोखण्याने २७ चे २४ झाले, एवढीच कमाई. उरलेला ईआरके आता औषध न लागणाऱ्या वाटेने येतो, त्यामुळे त्या औषधाचा डोस वाढवून त्याला हात लागत नाही.

आणि त्या जोराचं काय झालं? ग्राहीकडून ईआरकेकडे येणारा स्थानिक जोर म्हणजे द × र भागिले इ. या नव्या मॉडेलच्या आकड्यांत (वरच्या सारणीशी ते जुळवलेले नाहीत) औषधाविना तो ०.०३ आहे, औषधाखाली ०.८२. तीसपटीने बदललेला बाण. उलट दिशेचा ईआरके ते ग्राही जोर −१.८९ वरून −१.१० वर येतो. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे फीडबॅकच्या फेऱ्याचा एकूण जोर, औषधाविना ०.०५ होता, आता ०.९०. झोपलेला फेरा औषधाने जागा केला. औषध देण्याआधी पेशी कितीही बारकाईने मोजल्या असत्या तरी हा बाण कमकुवत म्हणूनच नोंदला गेला असता. म्हणून जोर मोजायचे असतील तर ते औषधाच्या उपस्थितीतही मोजले पाहिजेत: आधी बीराफ रोधक, आणि त्याच्यावर छोटे धक्के.

आकडे बसवताना

वेळेचा हिशेब घालायचा तर र च्या समीकरणाला एक काळमाप, टाऊ, जोडायचं: र चा बदलण्याचा वेग म्हणजे उजव्या बाजूची किंमत वजा र, भागिले टाऊ. ईआरके त्या मानाने झटपट चालतो असं धरायचं. आता नमुन्यांतून फॉस्फो-ईआरके वर येण्याचा वेळ मोजला आणि तोच टाऊ समजला, तर चुकतं. फेऱ्याचा जोर ०.९ असताना शेवटच्या टप्प्यात यंत्रणा टाऊ भागिले १.९ एवढ्या काळमापाने स्थिरावते. म्हणजे ग्राहीचं खरं काळमाप दिसणाऱ्या वेळेच्या जवळपास दुप्पट असतं.

दुसरी अडचण अशी की फक्त फॉस्फो-ईआरके मोजला, तर द आणि ग वेगवेगळे कधीच कळत नाहीत. दोन्ही समीकरणं एकत्र केली की उरतो तो त्यांचा गुणाकार. कितीही नमुने घेतले, कितीही अचूक मोजले, तरी द दुप्पट आणि ग अर्धा ही जोडी तितकीच चांगली बसते. संगणक तरीही दोन्हींचे आकडे छापून देतो, दशांशासह. हे ओळखायची रीत म्हणजे प्रोफाइल लाइकलीहूड: एक चल एका किमतीवर खिळवायचं, बाकीची पुन्हा बसवायची, आणि जुळणी किती बिघडते ते पाहायचं. आलेख सपाट राहिला तर ते चल या माहितीतून कळणारच नाही. डेटा२डायनॅमिक्स आणि पायपेस्टो यांत हे तयार मिळतं, आणि एवढ्या लहान मॉडेलला कोपासीही पुरतं.

घातांक २ का घेतला, हा रास्त प्रश्न. १ घेऊन पाहू. औषधाखाली ईआरके २७ ऐवजी २६ टक्क्यांवर थांबतो, म्हणजे अंतिम पातळीवरून घातांक ओळखता येत नाही. पण ग्राहीची वाढ आठपटीऐवजी अडीचपट येते, आणि सुरुवातीची घसरण ७.६ ऐवजी १३ टक्क्यांपर्यंतच होते. तेव्हा घातांक ठरवायचा असेल तर पहिल्या तासातले नमुने आणि फॉस्फो-ईजीएफआर हवेत. चोवीस तासांचा आणखी एक ब्लॉट (प्रथिन मोजायची नेहमीची चाचणी) त्याला उपयोगाचा नाही. कुठल्या वेळी काय मोजायचं हे प्रयोगाआधी मॉडेलला विचारता येतं, आणि लहान मॉडेलचा हा फायदा त्याच्या भाकितांपेक्षाही मोठा आहे असं आमचं मत आहे.

जोडीचं भाकीत आणि प्रत्यक्ष

फक्त ईजीएफआर रोधक द्या, ९० टक्के रोखणारा. ग ०.१ होतो, ईआरके १.०२८ वरून १.००३ वर येतो. अडीच टक्क्यांची घट, म्हणजे काहीच नाही. फक्त बीराफ रोधकाने २७ टक्के उरतात. दोन औषधं एकमेकांपासून स्वतंत्र वागतात असं धरून गुणाकार केला तर जोडीने २६ टक्के उरायला हवेत. मॉडेल म्हणतं ९. कारण जोडीमध्ये आतड्याची पेशी समीकरणाच्या दृष्टीने मेलानोमाच बनते. ग चा आकडा तोच झाला.

मेक रोधक वेगळा वागतो. तो दोन्ही वाटांच्या खाली बसतो, म्हणून ९० टक्के रोखला तर ईआरके एकट्यानेच १३ टक्क्यांवर जातो. ईआरकेच्या आकड्यापुरतं हे बीराफ रोधकापेक्षा सरस. पण त्याच वेळी ग्राही जवळपास १४ पट चढतो, आणि त्याची दुसरी वाट एकेटीकडे जाते. फक्त ईआरके पाहून औषध निवडलं तर हे नजरेतून सुटतं.

रुग्णांमध्ये हा विचार बीकन चाचणीत पारखला गेला. ६६५ रुग्ण, सगळ्यांना व्ही६००ई असलेला पसरलेला आतड्याचा कर्करोग. एन्कोराफेनिब हा बीराफ रोधक, सिटुक्सिमॅब हे ईजीएफआर अडवणारं प्रतिपिंड, आणि एका गटात बिनिमेटिनिब हा मेक रोधकही. २०१९ च्या निकालांत मध्यक आयुष्य तीन औषधांवर ९.० महिने, दोन औषधांवर ८.४ आणि प्रचलित उपचारांवर ५.४ महिने. गाठी आक्रसण्याचं प्रमाण अनुक्रमे २६, २० आणि २ टक्के. पुढच्या काळातल्या नोंदी जमेस धरल्यावर तीन आणि दोन औषधांचं मध्यक आयुष्य ९.३ महिन्यांवर सारखंच आलं. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मंजुरी मिळाली ती दोन औषधांच्या जोडीला.

हे मॉडेल कुठे थांबतं

महिन्यांच्या अंतराने येणारा प्रतिकार यात नाही. रास किंवा बीराफच्या प्रती वाढल्या, मेटसारखा दुसराच ग्राही पुढे आला, तर द आणि ग हे स्थिरांकच राहत नाहीत. एचईआर२ किंवा मेट यांना वेगळं खोकं देता येतं, पण त्यांना स्वतंत्र धक्का देणारं औषध प्रयोगात नसेल तर ते खोकं नुसतं शोभेचं. डीयूएसपी६ आणि स्प्राउटीचा तासांनी येणारा आवर क मध्ये कोंबला आहे. त्यामुळे पहिल्या दोन तासांवर बसवलेला क चोवीस तासांना लावू नये. दुसऱ्यांची मॉडेल उचलतानाही हाच पडताळा लागतो. बायोमॉडेल्सवर किंवा बेंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या उपिंदर भल्ला यांच्या गटाच्या डीओक्यूसीएस या संग्रहात तयार समीकरणं मिळतात, पण प्रत्येक दर कुठल्या पेशीत, कुठल्या वेळेत मोजलेला आहे ते पाहिल्याशिवाय तो आपल्या फाइलमध्ये आणू नये.

सगळ्यात नाजूक गोष्ट सरासरीची आहे. ब्लॉट आणि मणी लाखो पेशींची सरासरी सांगतात. २७ टक्के ईआरके म्हणजे प्रत्येक पेशीत २७ टक्के, की कुठल्याही क्षणी थोड्याच पेशी पूर्ण पेटलेल्या आणि बाकीच्या विझलेल्या? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीराफ रोधकाखाली तग धरलेल्या मेलानोमा पेशी एकेकट्या पाहिल्या, तेव्हा ईआरके अधूनमधून स्पंदांनी चढताना दिसला. आवराचं समीकरण अरेषीय असल्याने सरासरी ईआरके त्यात घालून सरासरी ग्राही मिळत नाही. स्पंद असतील तर सरासरीवर बसवलेले क, घातांक आणि टाऊ हे तिन्ही सरकतात, आणि जुळणी उत्तम दिसत असतानाच सरकतात. म्हणून टाऊवर काही बेतायचं असेल, उदाहरणार्थ दोन औषधं किती तासांच्या अंतराने द्यायची हे, तर आधी ईआरकेचा प्रकाशमान संवेदक असलेल्या पेशींचं काही तासांचं चित्रण करावं आणि मग समीकरण बसवावं.